जावाचा प्रोग्राम चालत नाही? आधी एरर नीट वाचा

बीसीए, बीएस्सी आयटी किंवा पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला प्रवेश घेतलेल्या आपल्या अनेक मुला-मुलींची जावाशी पहिली गाठ कॉलेजच्या लॅबमध्येच पडते. फळ्यावरचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवलेला असतो, तरीही पडद्यावर इंग्रजी एररची रांग उभी राहते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या, घरात कॉम्प्युटर शिकणारं पहिलंच मूल असलेल्या विद्यार्थ्याला ते बघून वाटतं, ‘ये अपने बस का नहीं.’ कोणाला विचारायचं तर लाज वाटते. मग विषय राहतो, बॅकलॉग वाढतो आणि अब्बांनी काटकसर करून भरलेली फी डोळ्यांसमोर येते.

अशा घरांसाठी आम्ही हा लेख देत आहोत. सांगायची गोष्ट एकच आहे. एरर म्हणजे मास्तरांचं रागावणं नाही. तो एक अहवाल आहे. कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत, काय अडलं, एवढं तो सरळ सांगतो. तो वाचायची सवय लागली की सुरुवातीच्या बहुतेक अडचणी काही मिनिटांत सुटतात. खरी भीती बाळगायची ती एरर न दाखवता चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची. त्याबद्दल पुढे सांगतोच.

एक सूचना. जावाचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. कीबोर्डवर ते इंग्रजी स्पेलिंगमध्येच टाइप करायचे.

सुरुवातच होत नाही तेव्हा

जावाचं काम दोन टप्प्यांत चालतं. आपण लिहिलेली फाइल आधी ‘जावासी’ नावाचा कम्पायलर तपासतो आणि तिची क्लास फाइल बनवतो. मग ‘जावा’ ही कमांड ती क्लास फाइल चालवते. अडचण कुठल्या टप्प्यावर आली, हे आधी ओळखायचं.

विंडोजवर ‘जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड’ असा मेसेज आला तर प्रोग्राममध्ये शोधाशोध करू नका. कम्प्युटरला कम्पायलर सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक तर जेडीके टाकलेलं नाही, किंवा त्याच्या बिन फोल्डरचा पत्ता ‘पाथ’ या सेटिंगमध्ये दिलेला नाही. ओपनजेडीके मोफत मिळतं. पाथ बदलल्यावर कमांड प्रॉम्प्टची जुनी खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला नवा पत्ता कळत नाही, आणि बरेच जण नेमके इथेच तासभर अडकतात.

दुसरी नेहमीची अडचण नोटपॅडची. फाइल ‘हॅलो डॉट जावा’ नावाने सेव्ह केली असं वाटतं, पण नोटपॅड मागे गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडतो आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. तसंच पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव तंतोतंत एक हवं. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही.

‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ दिसलं तर दोन गोष्टी बघा. आपण त्याच फोल्डरमध्ये आहोत का? आणि चालवताना नावापुढे ‘डॉट क्लास’ तर लिहिलं नाही ना? जावा या कमांडला नुसतं क्लासचं नाव हवं असतं.

घरी चाललेला प्रोग्राम लॅबमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ म्हणाला, तर घरचं जावा नवं आणि लॅबमधलं जुनं आहे. मेसेजमध्ये क्लास फाइलचा आकडा दिलेला असतो. त्यातून ४४ वजा करा, म्हणजे जावाचं व्हर्जन मिळतं. ६५ असेल तर जावा २१, ५२ असेल तर जावा ८. उपाय सोपा आहे. क्लास फाइल नेऊ नका, मूळ फाइल न्या आणि लॅबमध्येच पुन्हा कम्पाइल करा.

कम्पायलर अडवतो तेव्हा

इथे पहिला नियम असा की फक्त पहिली एरर वाचायची. एक महिरपी कंस राहिला तर पंधरा एरर दिसू शकतात. पंधरा चुका केल्या असं समजून घाबरायचं कारण नाही. पहिली दुरुस्त करा, पुन्हा कम्पाइल करा, बाकीच्या बहुधा आपोआप जातील.

‘सेमीकोलन एक्स्पेक्टेड’ म्हणजे वाक्य संपवायचं राहिलं. बाण दाखवतो ती ओळ आणि तिच्या आधीची ओळ, दोन्ही बघा. ‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’ म्हणजे उघडलेला एखादा कंस बंद झाला नाही. कंस उघडला की लगेच बंद करायचा आणि मग मध्ये लिहायचं, ही सवय लावून घ्या.

‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ हा नवशिक्यांना सर्वांत जास्त भेटणारा मेसेज. जावा म्हणतंय, हे नाव मला माहीत नाही. कारणं ठरलेली आहेत. स्ट्रिंगचं पहिलं अक्षर कॅपिटल नाही, स्पेलिंग चुकलं, स्कॅनर वापरला पण वर इम्पोर्ट केला नाही, किंवा एका कंसाच्या आत बनवलेलं व्हेरिएबल बाहेर वापरलं.

आणखी एक अडचण आपल्याकडे खूप दिसते. नोट्स व्हॉट्सअॅपवर वर्ड किंवा पीडीएफमध्ये येतात आणि मुलं त्यातूनच कोड कॉपी करतात. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतो. दिसायला फरक नसतो, पण कम्पायलर ‘इल्लीगल कॅरेक्टर’ म्हणतो आणि सोबत २०१सी किंवा २०१डी असा आकडा देतो. ती चिन्हं खोडून आपल्या कीबोर्डने पुन्हा टाइप केली की काम झालं. खरं तर छोटे प्रोग्राम हातानेच टाइप करावेत. कॉपीने हात शिकत नाही.

चालता चालता बंद पडतो तेव्हा

प्रोग्राम कम्पाइल झाला, सुरूही झाला आणि मध्येच कोसळला, तर ‘एक्सेप्शन’ येतं. त्याखाली ओळींचा ढीग असतो. सगळा वाचायची गरज नाही. सर्वांत वरच्या ओळीत काय झालं ते असतं. मग खाली येत येत आपल्या फाइलचं नाव पहिल्यांदा जिथे दिसतं तिथे थांबा. त्यापुढचा आकडा म्हणजे चुकीच्या ओळीचा पत्ता.

एक उदाहरण घेऊ. पाच नमाजांच्या वेळा ठेवायला पाच घरांचा अॅरे केला. जावात मोजणी शून्यापासून होते. फजर ० वर, जुहर १, अस्र २, मगरिब ३ आणि इशा ४ वर. पाचवा नंबर मागितला की ‘इंडेक्स ५ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंथ ५’ असा मेसेज येतो. बहुतेक वेळा लूपमध्ये ‘पेक्षा लहान’ लिहायच्या जागी ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ लिहिलेलं असतं.

आता स्ट्रिंगचा हाच अॅरे बनवला, पण इशाची वेळ भरायची राहून गेली. ते घर रिकामं आहे, जावाच्या भाषेत ‘नल’. त्या रिकाम्या घराला ‘तुझी लांबी सांग’ म्हटलं की ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ येतं. या नल कल्पनेचे जनक टोनी होअर यांनी २००९ मध्ये जाहीरपणे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं होतं. तेव्हा या एररने पहिल्या वर्षाच्या मुलाने खचून जायचं कारण नाही. जावा १५ पासून नेमकं काय रिकामं होतं हेही मेसेजमध्ये लिहून येतं. लॅबमध्ये जावा ८ असेल तर त्या ओळीत बिंदूच्या डावीकडे जे जे आहे, ते एकेक छापून बघा. जे नल निघेल तोच दोषी.

स्कॅनरचाही एक घोळ आहे. आधी ‘नेक्स्ट इंट’ने वय घेतलं, मग ‘नेक्स्ट लाइन’ने नाव विचारलं, तर प्रोग्राम नावासाठी थांबतच नाही. वय लिहून आपण एंटर दाबला, तो एंटर मागे उरलेला असतो आणि नेक्स्ट लाइन त्यालाच उत्तर समजते. मध्ये एक जादा नेक्स्ट लाइन टाकली की प्रश्न मिटतो.

सर्वांत धोकादायक: एरर नाही, पण उत्तर चुकीचं

रमजानच्या आधी कॉलेजचा एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी घरच्यांसाठी जकातचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहायला घेते असं समजा. जकात अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा भाग. तिने रक्कम इंटमध्ये ठेवली आणि लिहिलं: रक्कम * (१ / ४०). एक लाखावर उत्तर २,५०० यायला हवं. जावा सांगतं, ०.

कुठेही एरर नाही. कारण १ आणि ४० हे दोन्ही पूर्णांक आहेत, आणि पूर्णांकांच्या भागाकारात जावा दशांशाचा भाग टाकून देतं. १ भागिले ४० म्हणजे शून्य, आणि शून्याने काहीही गुणलं तरी शून्यच.

मग तिने क्रम बदलला: रक्कम * २५ / १०००. एक लाखावर बरोबर २,५०० आले. पण एखाद्या व्यापाऱ्याची दहा कोटींची रक्कम टाकली तर उत्तर चक्क उणे येतं. इंटमध्ये जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढाच आकडा मावतो. दहा कोटींना २५ ने गुणलं की २५० कोटी होतात आणि आकडा उलटा फिरतो. इथे इंटऐवजी ‘लाँग’ वापरावा लागतो. डबलही पैशांसाठी भरवशाचा नाही, कारण त्यात ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ होत नाहीत. पैशांचा हिशेब पैशांतच लाँगमध्ये ठेवावा किंवा ‘बिग डेसिमल’ वापरावा.

विचार करा, हा प्रोग्राम तपासल्याविना कुणी मोबाइलवर वाटला असता तर किती घरांचा हिशेब चुकला असता? जकात हा हकदारांचा हक्क आहे. म्हणून प्रोग्राम चालला की समाधान मानू नका. ज्याचं उत्तर कागदावर काढता येतं असे तीन-चार आकडे टाकून पडताळा. एक लहान, एक खूप मोठा आणि एक शून्य.

असाच मुका दोष स्ट्रिंगच्या तुलनेत असतो. दोन नावं सारखी आहेत का हे बघायला मुलं == वापरतात. एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतील, तर == विचारतं, ‘हा तोच मुलगा आहे का?’ आणि ‘इक्वल्स’ विचारतं, ‘याचं नाव तेच आहे का?’ आपल्याला दुसरा प्रश्न हवा असतो. प्रोग्राममध्येच लिहिलेल्या दोन शब्दांसाठी == कधी कधी बरोबर उत्तर देतं, म्हणून फसगत वाढते. कीबोर्डवरून घेतलेल्या शब्दांवर ते उघडं पडतं. स्ट्रिंगसाठी नेहमी इक्वल्सच.

याच्या अगदी उलट प्रकारही असतो. मराठी किंवा उर्दूत नाव छापलं आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत नुसती प्रश्नचिन्हं आली, तर प्रोग्राम बरोबर असूनही ती खिडकीच ती अक्षरं दाखवू शकत नसेल. जावाला युनिकोड पहिल्यापासून येतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून बघा.

मदत मागताना

मदत मागण्यात कमीपणा नाही. पण ‘सर, चालत नाही’ एवढंच म्हटलं तर कोणी मदत करू शकत नाही. एररचा पूर्ण मजकूर, ती ओळ, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, या चार गोष्टी द्या. मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवण्यापेक्षा मजकूर कॉपी करा. एआयकडून उत्तर घेतलं तर ‘असं का झालं’ हेही विचारा. तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरवर ऑनलाइन कम्पायलर चालतात, छोट्या सरावाला ते पुरेसे आहेत. लॅपटॉप असेल तर जावा ९ पासून मिळणारं ‘जेशेल’ उघडा. त्यात एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघता येतं. १ / ४० तिथे टाकून शून्य आपल्या डोळ्यांनी पाहा.

अम्मी-अब्बांना जावा येण्याची गरज नाही. मूल वैतागलं असेल तर एवढंच विचारा, ‘बेटा, मेसेजमध्ये काय लिहिलंय, मोठ्याने वाचून अर्थ सांग.’ दुसऱ्याला समजावताना चूक स्वतःलाच दिसते, हा अनुभव मोठमोठे प्रोग्रामरही सांगतात.

आणि आजपासून एक वही करा. तीन रकाने आखा: मेसेज काय आला, कारण काय निघालं, कसं सुटलं. रोज एक ओळ भरली तरी सेमिस्टर संपेपर्यंत तुमच्याकडे स्वतःचं एक पुस्तक तयार होईल. पुढच्या वर्षी मोहल्ल्यातलं एखादं लहान भावंड याच विषयात अडकलं, की ती वही त्याच्या हातात द्या.