गुडघ्याचे सांधारोपण आणि मृदू ऊतींचा समतोल

देगलूर, बिलोली, उदगीर या भागातील माणसाला मोठे दुखणे जडले की त्याला हैदराबादची वाट आठवते. यामागे इतिहास आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात समाविष्ट होता, आणि त्या काळी उस्मानिया रुग्णालय हे या मुलुखाचेही मोठे रुग्णालय होते. त्यानंतर शहराच्या पंजागुट्टा भागात निजामाच्या धर्मादाय निधीतून खास अस्थिरोगांसाठी एक रुग्णालय उभे राहिले. त्याचेच रूपांतर पुढे ‘निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस’ म्हणजे ‘निम्स’ या संस्थेत झाले. १९८९ च्या कायद्याने या संस्थेस विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. आज हैदराबादेतील अनेक सरकारी व खाजगी रुग्णालयांत गुडघ्याचे सांधारोपण करण्यात येते आणि सीमेवरील मराठी रुग्णही त्यासाठी तेथे जातात.

अशा रुग्णांच्या घरी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : सांधा कोणत्या कंपनीचा बसविला? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु अपुरा आहे. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा सांधा बसविलेल्या दोन रुग्णांपैकी एक सहा महिन्यांत शेताच्या बांधापर्यंत चालत जातो, तर दुसऱ्याचा गुडघा जिना उतरताना लटपटतो किंवा पुरता वाकत नाही, असे घडू शकते. क्ष-किरण चित्रात दोघांचाही सांधा जागच्या जागी दिसतो. मग फरक कोठे पडतो? त्याचे उत्तर पुष्कळदा हाडात व धातूत नसून त्यांच्या सभोवार असलेल्या, साध्या क्ष-किरण चित्रात न उमटणाऱ्या मृदू ऊतींत असते.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बिजागरीला मधोमध खिळा असतो. गुडघ्यात असा कोणताही खिळा नाही. वर मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके, खाली नडगीच्या हाडाचा जवळजवळ सपाट माथा, आणि पुढे वाटी, एवढीच काय ती हाडांची मांडणी. सपाट पाटावर गोल वस्तू ठेवली तर ती घसरेल. गुडघा घसरत नाही तो अस्थिबंधांमुळे. आतील बाजूस एक, बाहेरील बाजूस एक आणि सांध्याच्या पोटात एकमेकांस छेदून जाणारे दोन, असे चार प्रमुख अस्थिबंध हाडांना धरून ठेवतात. त्यांच्या जोडीला सांध्याभोवतीची पिशवी, स्नायू आणि स्नायूंच्या कंडरा असतात. मांडवाचा खांब जसा चारी बाजूंच्या दोरांच्या ताणावर उभा राहतो, तसा गुडघा या ऊतींच्या ताणावर उभा असतो.

वयोमानाने, स्थूलतेमुळे, जुन्या दुखापतीमुळे किंवा संधिवातामुळे हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजते. आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांत ही झीज आतील बाजूस अधिक होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकतो. ही वाकण्याची क्रिया वर्षानुवर्षे चालते. तेवढ्या काळात आतील बाजूच्या ऊती आखडतात व बाहेरच्या सैल पडतात. हाडांच्या कडांना काट्यांसारखी वाढ होऊन त्यावर अस्थिबंध ताणला जातो. म्हणजे रुग्ण जेव्हा शस्त्रक्रियेसाठी येतो तेव्हा हाड व मांडवाचे दोर असे दोन्ही बिघडलेले असतात. केवळ खांब नवा घातला आणि दोर तसेच ठेवले, तर मांडव पुन्हा एका बाजूला झुकणारच.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रास सहजासहजी उमगली नाही. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती सांधा बसवून पाहिला, तो बिजागरीच्याच कल्पनेवर आधारलेला होता आणि जंतुसंसर्गामुळे टिकला नाही. खरा पालट १९७० नंतरचा. लंडनमध्ये मायकेल फ्रीमन यांनी बिजागरीचा नाद सोडला आणि अस्थिबंधांचा ताण मोजून सांधा बसविण्याची पद्धती पुढे आणली. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत व अभियंता पीटर वॉकर यांनी १९७४ मध्ये जो सांधा वापरात आणला, तो आजच्या बहुतेक सांध्यांचा पूर्वज होय. यांपैकी डॉ. राणावत हे मूळचे मध्य प्रदेशातील. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. त्या वेळच्या वर्तमानपत्रांमुळे ‘गुडघा बदलता येतो’ ही वार्ता खेड्यापाड्यांत पोहोचली. वास्तविक गुडघा बदलत नाहीत. झिजलेल्या टोकांवर धातूची टोपी चढवून मध्ये उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनची चकती बसवितात, एवढेच.

शस्त्रक्रियेतील समतोल

शल्यचिकित्सक मांडीच्या हाडाचे टोक व नडगीचा माथा ठराविक कोनात कापतो. कापल्यानंतर दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा राहते, तिच्यावर सारे अवलंबून असते. पाय सरळ ठेवला असता ही जागा आयताकृती दिसली पाहिजे, म्हणजे आतील व बाहेरील उंची सारखी हवी. पाय काटकोनात वाकवला असताही ती आयताकृती व जवळजवळ तेवढ्याच उंचीची राहिली पाहिजे. जागा एका बाजूला अरुंद झाली तर त्या बाजूच्या ऊती आखडलेल्या आहेत असे समजावे.

येथे सुताराच्या कामासारखा एक हिशेब आहे. नडगीचा माथा अधिक कापला तर पाय सरळ असतानाची आणि वाकवलेला असतानाची अशा दोन्ही जागा वाढतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक कापल्याने फक्त सरळ पायाची जागा वाढते; त्याच हाडाची मागील बाजू कापल्याने फक्त वाकवलेल्या पायाची. सरळ स्थितीत जागा कमी पडली तर रुग्णाचा पाय पुरता सरळ होत नाही आणि चालताना तो लंगडतो. वाकवलेल्या स्थितीत कमी पडली तर गुडघा वाकत नाही. तीच जास्त झाली तर उतारावर, जिन्यावर किंवा खुर्चीतून उठताना सांधा डगमगतो. चूक दोन-चार मिलिमीटरची असली तरी रुग्णाला ती प्रत्येक पावलागणिक जाणवते.

आखडलेल्या ऊती सैल करणे हे या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक काम होय. प्रथम हाडांची काटेरी वाढ काढतात. कित्येकदा तेवढ्यानेच ताण पुष्कळ कमी होतो. नंतर सांध्याच्या पिशवीचा आतील व मागील भाग हाडापासून थोडा थोडा सोडवितात, आणि गरज पडल्यास अस्थिबंधास सुईने बारीक छिद्रे पाडून तो किंचित लांबवितात. प्रत्येक पायरीनंतर जागा पुन्हा मोजतात. घाई केल्यास अस्थिबंध अतिसैल होतो आणि मग साधा सांधा पुरत नाही, अधिक बंदिस्त रचनेचा व महागडा सांधा बसवावा लागतो. शिवलेले कापड उसवता येते, उसवलेले पूर्ववत होत नाही, हे येथे अक्षरशः खरे आहे.

समतोल मोजण्यासाठी ठोकळे, ताण देणारे चिमटे, विजेवर चालणारे संवेदक आणि अलीकडे यंत्रमानवाच्या साहाय्याने चालणारी साधने उपलब्ध झाली आहेत. हैदराबादेतील काही रुग्णालये अशी साधने वापरतात आणि त्यांची जाहिरातही होते. यंत्रामुळे हाडाचा छेद अधिक अचूक होतो, हे मान्य करावे लागते; परंतु त्यामुळे प्रत्येक रुग्णाला दीर्घकाळ अधिक आराम पडतो असे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. ‘समतोल’ म्हणजे दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा ताण, असेही सर्व तज्ज्ञ आता मानीत नाहीत. निरोगी गुडघ्याची बाहेरील बाजू वाकलेल्या स्थितीत थोडी सैलच असते. तेवढी सैलता राखावी, असे काहींचे मत आहे. म्हणून यंत्राच्या नावापेक्षा ते हाताळणाऱ्याचा अनुभव रुग्णाने अधिक महत्त्वाचा मानावा.

नळगोंड्याचा धडा

हैदराबादपासून जवळच असलेल्या नळगोंडा जिल्ह्याचा उल्लेख येथे अगत्याचा आहे. तेथील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे कित्येक गावांतील लोकांची हाडे पिढ्यान्‌पिढ्या बाधित झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा भागातील तरुणांत आढळणाऱ्या एका विकृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत गुडघे एकमेकांवर घासतात व पाऊले दूर जातात, म्हणजे धनुष्याकृती पायाच्या नेमके उलट. अशा गुडघ्यात बाहेरील ऊती आखडतात व आतील सैल पडतात. फ्लोराइडच्या विकारात तर अस्थिबंधांतही चुना साचून ते कडक होऊ शकतात. लवचीक दोराची जागा ताठ काठीने घ्यावी, तसा हा प्रकार. अशा पायाचा समतोल साधणे अनुभवी शल्यचिकित्सकासही कठीण जाते. तरुण रुग्णांत तर सांधारोपणाऐवजी हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतात.

या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी जलशुद्धीकरणाची ‘नळगोंडा पद्धती’ मात्र नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात विकसित केली. तिच्यात तुरटी, चुना व विरंजक चूर्ण वापरून फ्लोराइड खाली बसविण्यात येते. पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांना हा प्रश्न भेडसावतो. तेथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या दातांवरील पिवळे-तपकिरी डाग व वाकलेले पाय यांकडे लक्ष ठेवले आणि ग्रामपंचायतीने पाण्याची तपासणी करवून घेतली, तर पुढच्या शस्त्रक्रियाच टळतील.

परिणाम व खर्च

निरनिराळ्या देशांतील नोंदींच्या आधारे २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे ८२ टक्के संपूर्ण गुडघारोपणे २५ वर्षे टिकतात. हा आकडा दिलासा देणारा आहे. तथापि टिकणे आणि समाधान देणे या भिन्न गोष्टी आहेत. अनेक पाहण्यांत सुमारे पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसल्याचे आढळले आहे. याला समतोलाचा अभाव हे एकच कारण नव्हे. रुग्णाची अवास्तव अपेक्षा, कंबरेचे किंवा खुब्याचे दुखणे, दुर्बल स्नायू हीही कारणे असतात. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमुख कारणांत जंतुसंसर्ग, सांधा सुटणे व आखडणे यांच्या बरोबरीने सांध्याची अस्थिरता गणली जाते, आणि अस्थिरतेचे मूळ पुष्कळदा पहिल्याच शस्त्रक्रियेत असते.

जमीन गहाण टाकून शस्त्रक्रिया करवून घेणारी कुटुंबे आहेत. त्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. केंद्र शासनाच्या औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरविण्यात आली, करांव्यतिरिक्त. तत्पूर्वी हाच सांधा सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीस विकला जात होता. तसेच २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या उपचारसूचीत गुडघारोपणाचा समावेश आहे. दाखल होण्यापूर्वी योजनेशी संलग्न रुग्णालय कोणते, याची चौकशी करावी आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखविण्याचा आग्रह धरावा.

शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्यासही मर्यादा आहे. वजन घटविणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, काठीचा आधार व वेदनाशामक औषधे यांचा उपयोग आधी अवश्य करावा. परंतु पाय इतका वाकेपर्यंत थांबू नये की ऊती सोडविण्याचेच मोठे काम होऊन बसेल. मधुमेह आटोक्यात आणावा, तंबाखू सोडावी, दातांचा किंवा त्वचेचा जंतुसंसर्ग असल्यास तो आधी बरा करावा.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच रुग्णाला उभे करून चालविण्यात येते. येथून पुढचे काम रुग्णाचे. सैल-घट्ट यांचा जो समतोल शल्यचिकित्सकाने साधला, तो सांभाळण्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ हवे, आणि ते निजून मिळत नाही. गावी परतल्यावर टाचेखाली उशी ठेवून पाय सरळ करण्याचा आणि खुर्चीवर बसून तो वाकविण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपण्याची सवय मात्र टाळावी, कारण तीमुळे सांधा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. मांडी घालून जेवायला बसणे व उकिडवे बसणे यांस बहुतेक चिकित्सक मनाई करतात. म्हणून रुग्ण रुग्णालयात असतानाच घरी कमोडची किंवा उंच बैठकीची सोय करून ठेवावी. जखमेतून स्राव, ताप, पोटरीस सूज व वेदना, किंवा सांधा नव्याने डगमगू लागणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे आणि हैदराबादेहून मिळालेली कागदपत्रे व क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत.