मध्यरात्री जीव घाबरा होतो तेव्हा

रात्रीचा दीड वाजला असेल. घरात सारे गाढ झोपले होते. नागपूर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज तेवढा अधूनमधून येत होता. मी एकाएकी ताडकन उठून बसलो. छाती धडधडत होती, श्वास घशाशी अडकल्यासारखा झाला होता, हातापायांना मुंग्या आल्या होत्या आणि अंगातले बनियन घामाने चिंब भिजले होते. वाईट स्वप्न म्हणावे, तर स्वप्न काही आठवेना. मनात एकच विचार आला, आता आपले आटोपले.

ही २०२३ च्या श्रावणातली गोष्ट. मी पवनारचा राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, वय ४८. शेजाऱ्याने गाडी काढली आणि मला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. पोहोचेपर्यंत निम्मी धडधड ओसरली होती. ईसीजी काढला, रक्त तपासले, काही तास ठेवून घेतले. हृदय ठणठणीत निघाले. खरे तर आनंद व्हायला हवा होता. मला मात्र लाज वाटली. सगळी आळी जागी केली आणि निघाले काय, तर काहीच नाही!

दहा दिवसांनी पुन्हा तेच, आणि मग आठवड्यातून दोनदा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, मले तं हे बाहेरचं वाटते जी. एकडाव अंगारा लावून तं पाहा." तोही लावून झाला. कोणी पित्त म्हणाले, कोणी टेन्शन. हळूहळू मला झोपेचीच धास्ती बसली. अंथरूण दाराजवळ ओढले, दिवा रात्रभर चालू ठेवू लागलो. उशाशी पाण्याचा तांब्या आणि मोबाईल, आणि बोटे सारखी मनगटावरच्या नाडीवर. डोळा लागू नये म्हणून रात्री अकराला चहा. माझ्याबरोबर सौ.ही जागत असे. दिवसा फळ्यासमोर उभ्या उभ्या डुलक्या येत. त्याच सुमारास लेकीला पुण्यात नोकरी लागली. रात्रीच्या गाडीने तिला पोहोचवायला जायचे ठरले होते. मी ऐनवेळी कच खाल्ली. गाडीत रात्री झटका आला तर? पोरगी एकटी गेली. स्टेशनवरून परत येताना सौ. वाटेत एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी मी ठरवले की आता याचा छडा लावायचा.

हा आजार कोणता?

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी आधी भरपूर प्रश्न विचारले. रात्री घोरता का? झोपेत श्वास थांबतो असे घरच्यांना वाटते का? दमा, मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड? आंबट पाणी घशाशी येते का? कारण घोरताना श्वास अडकणे, दमा, रक्तातील साखर उतरणे, हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड अशा कारणांनीही माणूस रात्री असाच दचकून उठतो. ती कारणे नाहीत याची खात्री झाल्यावरच त्यांनी निदान सांगितले : झोपेत येणारा पॅनिक अ‍ॅटॅक, म्हणजे भीतीचा झटका.

झोप रात्रभर सारखी नसते. ती उथळ, गाढ, पुन्हा उथळ अशी वरखाली होत असते. ठळक स्वप्ने बहुधा उत्तररात्री पडतात. हा झटका मात्र सहसा झोप लागल्यावर पहिल्या एक ते तीन तासांत, उथळ झोपेतून गाढ झोपेत उतरताना येतो. म्हणून स्वप्न आठवत नाही. ते पडलेलेच नसते. लहान मुले कधी कधी रात्री किंचाळून उठतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. तो प्रकार वेगळा. इथे माणूस टक्क जागा होतो आणि त्याला सगळे लख्ख आठवते.

मग भीती येते कोठून? डॉक्टर बाईंनी आपल्याकडचाच दाखला दिला. शेतात रानडुकरांसाठी जागल करणारा माणूस पाला सळसळला तरी हाकाटी करतो. दर वेळी डुक्कर असतेच असे नाही. मेंदूतही असाच एक जागल्या असतो. झोपेत श्वासाची किंवा ठोक्यांची लय किंचित बदलली, तरी तो संकट आले म्हणून हाकाटी देतो. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास भराभर चालतो. जास्त श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, गरगरते. आपल्याला वाटते हार्ट अ‍ॅटॅक आला. त्या विचाराने भीती दुप्पट होते आणि चक्र फिरत राहते. शरीराच्या साध्या खुणांचा असा भयंकर अर्थ लावण्यातून झटका वाढतो, हे इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडले. अमेरिकेचे मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ साली, गुदमरण्याचा इशारा देणारी मेंदूतील यंत्रणा काहींमध्ये विनाकारण वाजते, असा विचार मांडला.

"तुमचा त्रास खरा आहे, पण इशारा खोटा आहे," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही रात्रभर स्वतःच्याच शरीराची जागल करता. त्याने जागल्या आणखी बिथरतो."

मी काय केले?

पहिली गोष्ट, जाग आली की स्वतःला सांगायचे : हा तोच झटका आहे, चढेल आणि उतरेल. बहुधा दहा मिनिटांच्या आत तो शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. नाडी मात्र मोजायची नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. घुसमट वाटली की आपण हवा गपागप ओढतो. तेच चुकते. तोंड मिटून नाकाने, पोट हलेल असा श्वास चार अंक मोजत घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर तो घातक ठरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. झटक्याशी झुंजायचे नाही. हे समजायला मला गावातलीच एक हकीकत उपयोगी पडली. १९३८ साली विनोबाजींची प्रकृती फार ढासळली होती. हवापालटासाठी ते जमनालाल बजाजांच्या पवनारच्या बंगल्यात राहायला आले. धामचा पूल ओलांडताना त्यांनी डोक्यातली सारी कामे नि विचार सोडून दिले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. येथे त्यांची प्रकृती सुधारली. माझा आजार निराळा, आणि मी साधा मास्तर. पण सोडून देणे म्हणजे हरणे नव्हे, एवढे त्यातून उमगले. धडधडते आहे ना, धडधडू दे, असे म्हणून मी पडून राहायला शिकलो.

चौथी गोष्ट दिवसाची. डॉक्टरांच्या परवानगीने मी रोज सायंकाळी नदीकाठचा चढ भरभर चढू लागलो. छाती जोराने धडधडते आणि तरी काही होत नाही, हे शरीराला पटवायचे होते. मग एकेक कुबडी काढली. आधी दिवा मालवला, मग मोबाईल दुसऱ्या खोलीत, शेवटी अंथरूण जुन्या जागी. झोपण्या-उठण्याची वेळ ठरवली. दुपारी चारनंतर चहा बंद, आणि लपूनछपून चालणारा खर्राही बंद. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी सांगतो : घोटभर घेऊन झोप येते हे खरे, पण उत्तररात्री ती मोडते आणि घबराट वाढते.

घरच्यांसाठीही दोन शब्द. निदान झाल्यावर पुढच्या झटक्यांत रुग्णाभोवती गर्दी करू नये. "काही नाही झालं तुम्हाला" असेही म्हणू नये. त्याला झालेले असते. आमची सौ. नुसती शेजारी बसायची आणि म्हणायची, "मी आहे. येऊन जाऊ द्या त्याला."

औषधांबद्दल

मला गोळ्याही सुरू केल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची सवय लागते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी उपचारपद्धतीही या आजारात चांगली गुणकारी आहे.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. पहिल्यांदा असा त्रास झाला, छातीत दाबल्यासारखे दुखले, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, शुद्ध हरपली, तर माझा लेख आठवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. निदान डॉक्टरांनीच करायचे असते. सेवाग्राम आणि सावंगी मेघेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. शासनाची २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही दोघे रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो. भुसावळ मागे पडल्यावर कधीतरी मला जाग आली. तीच धडधड, तोच घाम. वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मी चार अंक मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. सौ. खाली शांत झोपली होती. तिला उठवले नाही. थोड्या वेळाने माझाही डोळा लागला. सकाळी लेक स्टेशनवर आली होती. तिने आधी आईकडे पाहिले आणि मग मला विचारले, "बाबा, झोप झाली का?"

"झाली," मी म्हणालो. आणि ते खरे होते.