‘थिन एअर’ आणि आपला पोबारा

‘व्हॅनिश इन्टू थिन एअर’ हा इंग्रजी वाक्प्रचार आता आपल्या घरांतली मुलेही सहज वापरतात. माणूस किंवा वस्तू एकाएकी, मागमूस न ठेवता नाहीशी होणे, हा त्याचा अर्थ. हळूहळू ओसरणाऱ्या गोष्टीला तो लावत नाहीत.

त्याचे मूळ शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या सुमारे १६११ सालच्या नाटकात सापडते. जादूगार प्रॉस्पेरो आत्म्यांकडून एक खेळ करवतो, तो मध्येच थांबवतो आणि ती पात्रे हवेत विरून गेली असे सांगतो. ‘व्हॅनिश’ हे क्रियापद या शब्दांना पुढे जोडले गेले. इथे ‘थिन’ म्हणजे पातळ नव्हे. ताक पातळ असते, हवा विरळ. म्हणून ‘हवेत विरून जाणे’ हे भाषांतर ठीक. पण तेवढ्यावर काम भागत नाही.

कारण कोण गेले आणि का गेले, याविषयी इंग्रजी वाक्प्रचार काहीच बोलत नाही. मराठी बोलते. देव अंतर्धान पावतो. चष्मा गडप होतो. चोर पसार होतो. दुष्काळाने किंवा कर्जाने गाव सोडावे लागलेला माणूस परागंदा होतो. फारसीत या शब्दाचा अर्थ ‘विखुरलेला’. मंडळाची वर्गणी घेऊन गेलेला आणि उपासमारीने गेलेला, दोघांनाही इंग्रजीत ‘थिन एअर’ चालेल. मराठीत एकाचा शब्द दुसऱ्याला लावला तर अन्याय होतो.

आपल्या बालाघाटात आणखी एक गंमत आहे. बाजारात हिंदीतून ‘उसकी तो पौ बारह है’ ऐकले की समजावे, त्याचे नशीब फळफळले. घरी ‘त्याने पोबारा केला’ म्हटले की तो पळाला. दोन्हींचे मूळ सोंगट्यांच्या खेळातल्या एकाच मोठ्या दानात आहे. हिंदीने त्यातला लाभ घेतला, मराठीने धाव. दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्यासारख्यांनाच हा फरक कानाने कळतो.

हा कान जपण्याची जबाबदारीही आपलीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कचेरी हिंदीची झाली, मराठी घरात उरली. घरातून शब्द गेले तर ते ‘थिन एअर’मध्ये गेले असे म्हणता येणार नाही, कारण ते एकाएकी जात नाहीत आणि का गेले हे आपल्याला ठाऊक असते.

तेव्हा नातवंड ‘गायब झालं’ म्हणाले की एवढेच विचारा: गडप झाले, पसार झाले, की परागंदा? उत्तर शोधताना तीन शब्द घरात राहतील.