लांब यादी व लहान पडदा

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस मोबाइलवर चालणारें ॲप स्वतः रचण्याची हौस असते, ही आनंदाची गोष्ट होय. या उद्योगांत लवकरच एक प्रश्न पुढें येतो: बोटानें सरकवावयाची यादी पडद्यावर कोणत्या साधनानें मांडावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु वापरणाराची सोय वा गैरसोय त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आपण त्याचा थोडा विचार करूं.

उदाहरणादाखल फेसबुक कंपनीनें २०१५ सालीं सर्वांस खुला केलेला रिॲक्ट नेटिव्ह हा साधनसंच घेऊं. त्याच्या साहाय्यानें जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेलें ॲप बहुतांशीं अँड्रॉइड व आयफोन या दोहोंवर चालतें. त्यांत सरकत्या मजकुरासाठीं मुख्यतः तीन साधनें आहेत: स्क्रोलव्ह्यू, फ्लॅटलिस्ट व सेक्शनलिस्ट. यांपैकीं शेवटचीं दोन २०१७ सालीं आलीं.

स्क्रोलव्ह्यूची रीत सरळ आहे. जें जें त्याच्या स्वाधीन करावें, तें सर्व तो एकदम तयार करतो. मग तें पडद्यावर दिसो वा न दिसो. फ्लॅटलिस्टची रीत काटकसरीची आहे. आपण निराळें न सांगितल्यास ती आरंभीं दहाच नोंदी तयार करते. बोट सरकेल तसतशा नव्या नोंदी उभ्या करते व फार दूर गेलेल्या काढून टाकते. दिसणारा एक पडदा, त्याच्या वरचे दहा व खालचे दहा, अशा एकंदर २१ पडद्यांपुरत्याच नोंदी ती सामान्यतः जवळ बाळगते.

आतां हिशेब करून पाहूं. ग्रंथालयांतील २,००० पुस्तकांची यादी आहे, प्रत्येक नोंदीस मुखपृष्ठाचें लहान चित्र आहे, व एका पडद्यावर आठ नोंदी मावतात, असें समजा. चित्र २०० ठिपके लांब व २०० ठिपके रुंद असून दर ठिपक्यास चार बाइट लागतात. म्हणजे एका चित्रास १,६०,००० बाइट झाले. सर्व चित्रें एकदम उभीं केल्यास ३२ कोटी बाइट लागतील. उलट २१ पडद्यांच्या १६८ नोंदींस सुमारें २ कोटी ६९ लक्ष बाइट पुरतील. महागड्या फोनावर हा फरक कदाचित् जाणवणार नाहीं. परंतु ज्या घरांत एकच साधा, जुना फोन आळीपाळीनें सर्वांच्या हातीं जातो, तेथें ॲप अडखळूं लागतें, आणि मेमरी अपुरी पडल्यास फोन तें बंदच करून टाकतो. अशा वेळीं आईबापांस वाटतें कीं, आपल्यालाच हें यंत्र वापरतां येत नाहीं. वस्तुतः दोष रचणाराचा असतो.

तर मग सर्वत्र फ्लॅटलिस्टच कां वापरूं नये? कारण काटकसरीचीही किंमत असते. दूर गेलेली नोंद काढली जातांच तिच्या पोटांत ठेवलेली माहितीही जाते. एखाद्या चौकटींत खूण करून खालीं जावें, आणि परत येऊन पाहावें तों चौकट कोरी! म्हणून अशा खुणा नोंदीबाहेर, मूळ माहितीबरोबर जपाव्या. शिवाय बोट फार वेगानें फिरविल्यास क्षणभर रिकामी जागा दिसते. आठ-दहा रकान्यांचा प्रवेशअर्ज किंवा एखादें सूचनापत्र यांची लांबी ठरलेली व थोडी असते. तेथें साधा स्क्रोलव्ह्यूच योग्य. इयत्तावार नांवांसारखी मथळ्यांनीं विभागलेली लांब यादी असेल, तर सेक्शनलिस्ट घ्यावी.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र ओळखखूण द्यावी. वर्गांत दोघांचा हजेरीक्रमांक एकच असल्यास जसा घोटाळा होतो, तसाच येथेंही होतो. दुसरें असें कीं, उभ्या सरकणाऱ्या स्क्रोलव्ह्यूच्या आंत तशीच उभी फ्लॅटलिस्ट बसवूं नये. तिला पडद्याची मर्यादा कळेनाशी होते व सर्व काटकसर वायां जाते. यादीच्या वर मथळा हवा असल्यास त्याची सोय फ्लॅटलिस्टमध्येंच केलेली आहे.

सारांश, साधन निवडण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं स्वतःस विचारावें: नोंदी आज किती आहेत, आणि पुढील वर्षीं किती होतील? मग तयार झालेलें ॲप आपल्या नव्या फोनावर पाहून समाधान न मानतां घरांतील सर्वांत जुन्या फोनावर चालवून पाहावें.