सुरक्षिततेची पाटी आणि टाकीत उतरणारा माणूस

दरवर्षी 4 मार्चला कारखान्यांतून राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. 1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि 1972 पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. फाटकावर फलक लागतात, शपथ दिली जाते, साहेबांचे भाषण होते. पुढे एखाद्या दिवशी मळीची टाकी साफ करायची वेळ येते. टाकीत आधी कोण उतरणार, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर शपथेत सापडत नाही. ते मुकादम देतो. शपथेचा शब्द आणि मुकादमाचा शब्द यांत जे अंतर असते, त्यावरून त्या कारखान्याची सुरक्षा-संस्कृती ओळखावी, असे मला वाटते.

‘सुरक्षा-संस्कृती’ ही संज्ञा तशी अलीकडची आहे. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्याची चिकित्सा करताना तज्ज्ञांना ती वापरावी लागली. कारण यंत्र आणि नियमावली यांच्यापलीकडेही काही तरी बिघडलेले होते. नियम कागदावर असतात. संस्कृती माणसांच्या सवयीत असते. घाई झाली की काय सोडायचे, धोका दिसला तर बोलायचे की गप्प बसायचे, हे माणसे वरच्याकडे पाहून शिकतात. म्हणून या विषयात नेतृत्वाला महत्त्व आहे. आणि आपल्या समाजात वरचा कोण व खालचा कोण हे कारखान्याच्या फाटकाबाहेरच ठरलेले असल्यामुळे हा विषय केवळ इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही.

मी कोरेगावात शिकवतो. तालुक्यात ऊस आहे, गाळप आहे, आणि माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरात कोणी ना कोणी हंगामी कामगार आहे. माझे वडीलही एका साखर कारखान्यात हंगामी होते. भिंतीवरच्या सूचना त्यांना वाचता येत नसत. साहेबाचा चेहरा मात्र अचूक वाचता येई. पट्ट्यात अडकलेली चोयटी काढण्यासाठी यंत्र थांबवावे, अशी सूचना होती. पण यंत्र थांबले की पहिला प्रश्न येई : ‘किती वेळ बंद होतं?’ ‘कुणाला लागलं का?’ असे कोणी विचारत नसे. त्या एका प्रश्नातून शंभर माणसांना कळत असे की येथे किंमत कशाची आहे. मग माणसे चालत्या यंत्रात हात घालू लागतात आणि हात गेला की अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते.

याविरुद्ध आवाज उठवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्याच मागण्यांत असेही होते की, कामावर जबर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा झाला 1923 साली. म्हणजे कामगारांच्या नेत्याला जे दिसले, ते सरकारला दिसायला एकोणचाळीस वर्षे लागली!

पण धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मांडणी तिथलीच. आपला माणूस रेल्वेत गँगमनच राहतो, त्याला पोर्टरचीही जागा मिळत नाही, हेही त्यांनी तिथे दाखवून दिले. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि तिथे अस्पृश्याचा हात चालत नसे. घरात न चालणारा हात रुळावर मात्र चालत होता. धोक्याची वाटणी अशी जन्मावर होते, आणि ती झाली की वरच्याला धोका दिसेनासा होतो. कारण त्याच्या घरचे कोणी तिथे नसते.

म्हणून नेतृत्वाची पहिली कसोटी अशी की, ते प्रत्यक्ष धोक्याच्या जागी जाते का? जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. सरकार, मालक आणि मजूर यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी ऑगस्ट 1942 मध्ये भूषवले होते. ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याला त्या टेबलाशी खुर्ची हवी, हे तत्त्व त्यातून रुजले. याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युद्धाच्या निकडीपायी 1943 मध्ये स्त्रियांना भूमिगत खाणकामाची बंदी उठवण्यात आली. विधिमंडळात त्याचे उत्तर बाबासाहेबांनाच द्यावे लागले. 1946 मध्ये बंदी पुन्हा आली. उत्पादनाची निकड सत्तेत बसलेल्या प्रत्येकाला कशी कोंडीत धरते, हे यावरून कळते. भक्ताने हे झाकू नये; अभ्यासकाने तर नाहीच.

दुसरी कसोटी : वाईट बातमी वर पोचते का? अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे 1987 साली पॉल ओनील यांनी घेतली. नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलून त्यांनी भागधारकांना चकित केले. तेव्हा दर शंभर कामगारांमागे वर्षाला 1.86 कामगारांना इजेमुळे कामाचे दिवस गमवावे लागत. 2000 पर्यंत हा आकडा 0.2 च्या आसपास आला. वायूने कामगार आजारी पडल्याची बातमी वर न पोचवणाऱ्या बड्या अधिकाऱ्याला त्यांनी 1996 साली घरी पाठवले. आता भोपाळ पाहा. तिथे 1981 साली विषारी वायूने एक कामगार दगावला होता. कामगारांनी इशारे दिले होते, 1982 मध्ये एका पत्रकाराने लिहिलेही होते. तरीही खर्च वाचवण्यासाठी माणसे कमी झाली, वायू थंड ठेवणारी यंत्रणा जून 1984 पासून बंद राहिली, गळलेला वायू जाळणारा मनोरा तोडून ठेवलेला होता. 2-3 डिसेंबरच्या रात्री हजारोंच्या प्राणांनी त्या काटकसरीचे मोल चुकते केले. कारखान्याच्या भिंतीला लागून झोपड्या कोणाच्या होत्या, हे सांगायला नकोच.

भोपाळनंतर, 1987 मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला. जबाबदारी मॅनेजरवर ढकलून मोकळे होता येऊ नये म्हणून कंपनीच्या संचालकालाच ‘भोगवटादार’ ठरवण्यात आले. धोक्याच्या कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आली, आणि संकट दिसल्यास इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हा हक्क आहे. पण हंगामी माणूस हा हक्क वापरील कसा? पुढच्या हंगामाला त्याला बोलावणे येईल की नाही, हे ज्याच्या मर्जीवर आहे त्याच्याच विरुद्ध बोलायचे असते. कंत्राटी माणसाचे तर हजेरीपटावर नावही नसते. गटारात माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्याने आळा घातला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मृताच्या वारसांना दहा लाख देण्याचा आदेश दिला, 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढली, तरी उतरणाऱ्याची जात बदलली नाही.

तेव्हा करायचे काय? संचालकाने आठवड्यातून एकदा बॉयलरजवळ, टाकीजवळ, उसाच्या गव्हाणीजवळ उभे राहावे आणि सर्वांत कमी पगाराच्या माणसाला विचारावे : ‘इथं भीती कशाची वाटते?’ यंत्र बंद करणाऱ्या कामगाराची बाजू त्याने सर्वांसमोर घ्यावी. बंद टाकीत आधी वायू तपासावा, बाहेर दोरी धरून माणूस ठेवावा. हे होत नसेल तर काम थांबवावे. युनियनच्या पुढाऱ्यांनी बोनसच्या वाटाघाटीत सुरक्षिततेचे कलम शेवटी टाकू नये आणि हंगामी, कंत्राटी माणसाला सुरक्षा समितीवर घ्यावे. आपल्यातून शिकून सुपरवायझर, इंजिनिअर झालेल्या तरुणांची जबाबदारी याहून मोठी आहे. खुर्ची मिळाल्यावर तेच जुने उत्तर द्यायचे आणि तोच माणूस टाकीत उतरवायचा असेल, तर त्या खुर्चीने फक्त एक घर सुधारले, इतकेच म्हणता येईल.

सुरक्षिततेचा प्रश्न शेवटी समतेचाच प्रश्न आहे. ज्या कामावर आपल्या मुलाला पाठवायला नेता धजत नाही, त्या कामावर दुसऱ्याच्या मुलाला पाठवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशी, संचालकांच्या बैठकीत आणि युनियनच्या सभेत पुन्हा पुन्हा विचारला गेला पाहिजे.