रक्त देणारे पुष्कळ. रक्त जाणणारे डॉक्टर किती?

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत मंडप पडतो, विहारात खाटा लागतात आणि तरुण मुले-मुली बाह्या वर सारून रांगेत उभी राहतात. शिबिराच्या टेबलावर नावे लिहून घेण्याचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे आहे. कारकुनाला दुसरे काय देणार! नाव, वय, वजन, मागचे रक्तदान केव्हा, हे रकाने भरता भरता दुपार होते. पिशव्यांचे खोके गाडीत चढले की आम्ही म्हणतो, झाले, आपले काम संपले. त्या पिशवीचे पुढे काय होते, हे आम्ही फार उशिरा विचारले. विचारले तेही एका मुलीमुळे.

आमच्या शेजारी नागपूरकडून पोटापाण्यासाठी पुण्यात आलेले एक कुटुंब राहते. वडील बिगारी कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीला सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही घराघरांतून आढळतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. या मुलीला लहानपणापासून अनेकदा रक्त चढवावे लागले. एकदा तिचे रक्त फारच उतरले आणि तिला शहरातील एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले. रक्तगट बी पॉझिटिव्ह. वस्तीतील चार मुलांनी धावत जाऊन रक्त दिले. तरी रक्तपेढीतून निरोप आला, "रक्त जुळत नाही."

बी गटाला बी गटाचे रक्त जुळत नाही म्हणजे काय? बापाला वाटले, पैसे मागताहेत. मुलांचा पारा चढला. आमचाही आवाज वाढला, हे कबूल करतो. तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर मुलगी बाहेर आली. रक्तसंक्रमण शास्त्रात एम.डी. करीत होती. तिने बापाला बाकावर बसविले आणि म्हणाली, "काका, रक्त आहे, पण तिच्या अंगात गेले तर तिचे शरीर ते फोडून टाकील. मला थोडा वेळ द्या. जुळणारे शोधते." रात्री उशिरा दोन पिशव्या सापडल्या. मुलगी वाचली. ज्या डॉक्टरवर आम्ही ओरडलो, तिच्यासमोर दुसऱ्या दिवशी हात जोडून उभे राहिलो.

रक्तगट चारच नसतात

तिने समजावून सांगितले ते असे. ए, बी, एबी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनर यांच्या संशोधनातून विसाव्या शतकाच्या आरंभी कळले. त्याच कामासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आर.एच. म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा भेद कळला. पण तांबड्या पेशीवर अशा खुणा आज साडेतीनशेहून अधिक माहीत आहेत. ज्याला वारंवार दुसऱ्याचे रक्त चढते, त्याचे शरीर कधी कधी यांतील एखाद्या परक्या खुणेविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. मग गट तोच असूनही पिशवी जुळत नाही. कोणत्या खुणेविरुद्ध प्रतिद्रव्य आहे हे ओळखायचे आणि ती खूण नसलेली पिशवी शोधायची, हे या शास्त्राचे काम. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांचा जीव पुष्कळदा याच कामावर टिकून असतो.

आपल्या महाराष्ट्रानेच या शास्त्राला एक मोठा धडा दिला आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसे अशी आढळली, की नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट ओ वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. जगभर तो गट आज 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. अशा माणसाला ओ समजून ओ रक्त चढविले तर प्राणाशी गाठ. वरवर पाहणाऱ्याला जे ओ दिसते, ते शिकलेला डोळाच ओळखतो.

हे डॉक्टर घडतात कसे?

एम.बी.बी.एस. झाल्यावर या विषयाच्या एम.डी.चा अभ्यास तीन वर्षांचा आहे. 'इम्युनोहिमॅटॉलॉजी व रक्तसंक्रमण' असे त्याचे लांबलचक नाव. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे १९४८ सालापासून चालत असलेल्या ए.एफ.एम.सी.त, या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. सैन्याला रक्ताचे मोल वेगळे सांगायला नको.

शिकणारा डॉक्टर नुसता सूक्ष्मदर्शकापाशी बसत नाही. रक्तदात्याला तपासून कोणाचे घ्यावे, कोणाला परत पाठवावे, हे तो ठरवितो. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करून तीन रुग्णांना कसे पुरवावे, हे शिकतो. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांच्या थंडीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट मात्र खोलीच्या तापमानाला सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि नेहमीच्या पद्धतीत पाचच दिवस टिकतात. एच.आय.व्ही., कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि हिवताप या तपासण्यांवर त्याची देखरेख असते. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे, जेथे रक्त लागत नाही तेथे "देऊ नका" असे वॉर्डातील डॉक्टरला सांगणे. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक प्लेटलेटसाठी गावभर धावतात. त्यांतील कोणाला खरोखर गरज आहे, हे सांगणारा जाणकार लागतो.

न्यायालयाला सांगावे लागले

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. एके काळी या देशात रक्त विकले जाई. विकणारा कोण? हमाल, रिक्षावाला, बेकार तरुण, म्हणजे आपल्यासारख्याच घरांतील माणूस. अंगात रक्त नसताना तो रक्त विकी, आणि त्यातून रोग पसरे तो निराळाच. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. दोन वर्षांत हा धंदा बंद करा, विनापरवाना रक्तपेढ्या बंद करा आणि वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करण्यासाठी पावले उचला, असे त्यात सांगितले. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणातही रक्तसंक्रमणाचे स्वतंत्र विभाग उघडण्याचे लिहिले आहे. तरीही अनेक रक्तपेढ्या आज पॅथॉलॉजीचे डॉक्टर किंवा अनुभव घेतलेले एम.बी.बी.एस. डॉक्टर सांभाळतात. ते मन लावून काम करतात. पण त्या मुलीसारखा पेच पडला, की खास शिकलेला माणूस लागतो.

या क्षेत्रातील एक नाव आपण ध्यानात ठेवावे. डॉ. चार्ल्स ड्रू हे अमेरिकेतील काळे डॉक्टर. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथेच ड्रू यांनी साठवलेल्या रक्तावर प्रबंध लिहून १९४० साली डॉक्टरेट मिळविली. युद्धात ब्रिटनला प्लाझ्मा पाठविण्याचे काम त्यांनी उभे केले. त्याच देशात १९४२ पासून गोऱ्यांचे रक्त वेगळे आणि काळ्यांचे रक्त वेगळे साठविले जाई. याला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही, हे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले. १९५० साली अमेरिकन रेडक्रॉसने तो भेद बंद केला. त्याच वर्षी ड्रू वारले. मधली वर्षे त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात काळ्या तरुणांना सर्जन म्हणून घडविण्यात घालविली. बाटविणारे आणि न बाटविणारे रक्त नसते. जुळणारे आणि न जुळणारे रक्त असते. हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळेल?

घरातील माणसांनी काय करावे?

आम्ही आयुष्यभर खातेवही लिहिली. आकडा एका रकान्यातून दुसऱ्यात गेला, तर संध्याकाळी ताळेबंद जुळत नाही, एवढेच. रक्ताच्या वहीत तसे झाले तर माणूस जातो. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याचे प्रसंग बहुतेक वेळा शास्त्र न कळल्याने नव्हे, तर नाव-नंबराच्या गफलतीने घडतात. म्हणून रक्त लावण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव, गट आणि पिशवीवरील नंबर नर्सताईंना मोठ्याने वाचायला सांगा. त्यात भिडेचे कारण नाही. पूर्वी रक्त चढले असेल, बाळंतपणे झाली असतील, तर न विचारता सांगा. प्रतिद्रव्य आढळल्याचा कागद मिळाला तर शिधापत्रिकेसारखा जपा. रक्त लागल्यावर पहिली १५ मिनिटे शेजारी बसा. थंडी, ताप, कंबरदुखी किंवा धाप लागली तर तत्काळ हाक मारा.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या वस्त्यांतील मुले आता डॉक्टर होत आहेत. पदव्युत्तर जागा घेताना त्यांची व आई-वडिलांची नजर सर्जरी, मेडिसिन, बालरोग यांवर असते. रक्तपेढीचा डॉक्टर म्हणजे दवाखाना नाही, पाटी नाही, असे वाटून ही शाखा मागे राहते. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर जागांनाही आरक्षण आहे. ते हक्काने घ्या, आणि पसंतीक्रम भरताना या शाखेचेही नाव लिहा. आपण वर्षानुवर्षे रक्त देत आलो. ते रक्त योग्य माणसाच्या अंगात योग्य वेळी पोहोचविणारी माणसेही आपल्यातून निघाली पाहिजेत.

ती मुलगी आता बारावीला आहे, शास्त्र शाखेत. काय व्हायचे, असे आम्ही विचारले तर लाजून म्हणते, "काका, आधी पास तर होऊ द्या." आम्ही वाट पाहू.