खानदेशांतील स्थलांतराचें मान

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगांव व धुळें त्यांतूनच आले. २००१ ते २०११ या दशकांत जळगांवची लोकसंख्या शेंकडा १४.८६ वाढली, धुळ्याची २०.०८, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून निघालेल्या नंदुरबारची २५.६६. यावरून पश्चिमेस बाहेरचे लोक येऊन राहिले असें कोणी समजेल, तर तें खरें नव्हे. जन्ममृत्यूंची वजावट केल्यावांचून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब लागत नाहीं, आणि नंदुरबारकडे जन्मांचें मान मोठें आहे.

हंगामी जाणें मात्र तिकडूनच अधिक. रावेर-यावलकडे केळीस पाणी, म्हणून बारमाही मजुरी. साक्री, नवापूर, अक्कलकुवा इकडील थोड्या जमिनीचा शेतकरी खरीप आटोपतांच कोयता घेऊन सुरत-बारडोलीकडे ऊंसतोडीस जातो. २०११ ची खानेसुमारी फेब्रुवारींत, ऐन हंगामांत झाली; मोजणीभर बाहेर असलेलें बिऱ्हाड जेथें सांपडेल तेथें धरावयाचें, असा नियम. उलट लग्न होऊन शेजारच्या गांवीं गेलेली मुलगी कागदोपत्रीं स्थलांतरित ठरते! दप्तरांत आयुष्य गेलेल्या आम्हांसही हें चमत्कारिक वाटतें.

आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या सोसायट्यांनीं कार्तिकांत कोण गेलें व वैशाखांत कोण परतलें याची वही ठेवावी. मुलांची शाळा व शिधापत्रिकेवरील धान्य यांचा बंदोबस्त त्या वहीवरून मागतां येईल.